तीन दिवस न धुतलेलं डोकं

माझी मावशी एकतीस वर्षं बायकांचे केस कापत आली आहे. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "डोकं शेवटचं कधी धुतलंस?" ख्यालीखुशाली नंतर. पार्लरमध्ये तिला सगळ्या कात्रीबाई म्हणतात, आणि जिभेलाही तशीच धार आहे.

मला मात्र तिने तो प्रश्न कधी विचारला नाही. माझं डोकं लहानपणापासून तिच्याच हातचं. म्हणूनच कंगव्यात झुपके यायला लागले तेव्हा तिला सांगायची मला लाज वाटली. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी गुपचूप पार्लरमध्ये गेले. तिथे कॅफिनचं तेल विकणाऱ्या कंपनीचा माणूस बाटल्या फुकट देत होता. अट एकच, आधी आणि नंतर चाचणी करू द्यायची.

पहिल्या खेपेला त्याने तीन दिवस डोकं न धुता बोलावलं. साठेक केस चिमटीत धरून हलकेच ओढले, चौदा हातात आले. तीन महिन्यांनी म्हणाला, "सकाळी आमच्याच शाम्पूने धुऊन या." या वेळी चार आले. पार्लरच्या मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्या टाळूचा फोटो काढला, फोटो वापरायच्या परवानगीवर सही घेतली, आणि मी हवेत तरंगत घरी आले.

आठवड्याने पार्लरच्या आरशाशेजारी पोस्टर लागलं. चेहरा नाही, नुसतं डोकं, आणि खाली ठळक अक्षरांत "चौदावरून चार". त्याच दुपारी मावशीचा फोन आला.

"पोस्टरवरचा तो भोवरा तुझा आहे. डोकं कधी धुतलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. ती कडाडली. "अगं शहाणे, धुताना सुटे केस मोरीत वाहून जातात! मग चिमटीत काय येणार, कपाळ? बाटलीत साधं पाणी असतं तरी चारच आले असते."

तीन दिवस तिने मला डोकं धुऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात बसवून तसेच केस ओढले. तेरा आले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटलीसोबतचं माहितीपत्रक मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, त्यात दिलेल्या चाचण्याही शोधून पाहिल्या. काचेच्या बशीत ठेवलेली केसांची मुळं कॅफिनने जास्त वाढली, एवढं खरं. माणसांवरच्या चाचण्या मात्र मोजक्या, छोट्या, आणि त्यातल्या कित्येक विकणाऱ्यांच्याच पैशांतून झालेल्या. काहींत तर तुलनेला तेल न लावणारा गटच नाही.

"उपयोग होतही असेल," मावशी म्हणाली. "कॉफीशी माझं भांडण नाही. पण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायला यांची जीभ झडते का?"

दुसऱ्या दिवशी पोस्टर काढायला सांगायला मी तिच्याबरोबर गेले. तिच्या खुर्चीत एक तरुण आई येऊन बसली. बाळ चार महिन्यांचं, तिचे डोळे रडवेले, आणि मांडीवर त्याच तेलाच्या सहा बाटल्या.

"कात्रीबाई, याने येतील ना हो केस परत?"

मालकीणबाई गल्ल्यावरून टक लावून बघत होत्या. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाळंतपणानंतर गळतात गं. बहुतेकींचे वर्षभरात आपोआप येतात. नाहीच थांबले तर डॉक्टरांना दाखव. बाटल्या परत ठेव."

"कात्रीबाई!" मालकीणबाई कडाडल्या. "तुमचं काम केस कापायचं."

"तेच करतेय. केसाने गळा कापायचं काम तुमचं."

मीही उठले. "त्या पोस्टरवरचं डोकं माझं आहे आणि ते आकडे खोटे आहेत," असं सगळ्यांसमोर सांगितलं.

"उद्यापासून येऊ नका," मालकीणबाई मावशीला म्हणाल्या.

मावशीने त्या बाईचे केस दोन्ही बाजूंनी सारखे होईपर्यंत कापले. खुर्चीभोवतालचे केस झाडून घेतले, कात्री पुसून पर्समध्ये टाकली. एकतीस वर्षांची जागा सोडून ती बाहेर पडली. मला रडू आवरेना.

पोस्टर मात्र आजही तिथेच आहे. मी पुन्हा गेले, विनवण्या केल्या, भांडले. मालकीणबाईंनी माझी सही दाखवली.

"एवढं काय मनाला लावून घेता?" त्या म्हणाल्या. "चेहरा कुठे आहे? तुम्हाला ओळखणारं आता इथे कुणी नाही."