स्वतःचं मूल: होय की नाही

"मी किती वेळ बाहेर बसू?" निर्मलाताईंनी विचारलं.

"अर्धा तास. चहा घेऊन या."

"तिला घाबरवू नका हां मॅडम. ती लहानपणापासून भित्री आहे."

"भित्री कोण? साप निघाला तर पलंगावर कोण चढतं गं?" खुर्चीत बसलेली वैशाली म्हणाली.

मी दार लावलं.

अलिबागच्या एका हॉस्पिटलमध्ये मी कौन्सेलर आहे. वैशालीची ही तिसरी व्हिजिट. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या. सोनोग्राफी झाली होती. सगळं नॉर्मल. राहिला होता फक्त माझा रिपोर्ट, मानसिक तयारीचा.

निर्मलाताई किहीमच्या. गाठींमुळे त्यांचं गर्भाशय काढावं लागलं होतं, पण बीजकोश शाबूत होते. त्यामुळे नवरा-बायकोच्या बीजांपासून लॅबमध्ये दोन गर्भ तयार करून गोठवले होते. ते वाढवायला दुसऱ्या बाईचं गर्भाशय हवं. हीच सरोगसी. धाकटी बहीण वैशाली मुरुडहून त्यासाठी आली होती.

कायद्याने यात मोबदला घेता येत नाही. गर्भ वाढवणारी बाई लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित हवी, वय पंचवीस ते पस्तीस हवं, तिला स्वतःचं मूल हवं. आणि आयुष्यात एकदाच. मला हा कायदा पटतो. घरात मोर्च्याची पत्रकं चिकटवता चिकटवता मी मोठी झाले. गरीब बाईचं पोट भाड्याने घेण्याविरुद्धचं पत्रक कॉलेजात मीच लिहिलं होतं. म्हणून 'बहिणीसाठी करते' असं कुणी म्हटलं की मला आधी संशय येतो. नात्यातला दबाव कागदावर दिसत नाही. तो शोधायला मी तिथे बसते.

"तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय?"

"ताईनं? तिनं जबरदस्ती केली तर मी तिला खाडीत ढकलीन." ती हसली. "मीच तिच्या मागं लागले. ती न्हाय न्हायच म्हणत होती."

"सासरी माहीत आहे?"

"सासूला हाय. नवरा वारला, अकरा वर्सं झाली. कावीळ."

"नऊ महिने पोटात वाढवून बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. जमेल?"

"दुसऱ्याच्या कुठं? ताईच्या."

उत्तर बरोबर होतं. मी अर्जाचं पुढचं पान उलटलं. मूल: एक. मुलगा, ओम, सातवीत. पण जन्मदाखला जोडलेला नव्हता. आधार कार्डाची झेरॉक्स होती, त्यावर आईचं नाव नसतं.

"जन्मदाखला?"

"आधार हाय ना."

"आधार चालत नाही."

"पुढच्या वेळी आणते."

मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढून तिने टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

आईचं नाव: सुगंधा.

मला संताप आला. अर्ज पास व्हावा म्हणून कुणाचा तरी मुलगा दाखवलाय, असं मला वाटलं. "हा मुलगा तुमचा नाही," मी म्हणाले. आवाज चढलाच होता.

"न्हाय कसा? माझाच हाय."

"सुगंधा कोण?"

"मोठी जाऊ. ओमच्या बाळंतपणातच गेली. लय रक्त गेलं." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "मी तवा ओली बाळंतीणच होते. माझं बारा दिवसांपूर्वी झालं होतं. मुलगी. तिसऱ्या दिवशी गेली. छातीला दूध होतं, सासूनं ओमला माझ्या मांडीवर दिला. त्यानं तोंड लावलं."

"तुमच्या मुलीचं अर्जात कुठेच नाही."

"पाचवी पुजली न्हवती मॅडम. पाचवी न पुजलेलं आमच्यात मोजत न्हाईत. नाव पण न्हवतं. काय लिवणार?"

पाचवी म्हणजे बाळाच्या पाचव्या दिवशीची सटवाईची पूजा. त्या रात्री ती नशीब लिहिते म्हणतात. तिसऱ्या दिवशी गेलेल्या पोरीचं लिहायचं राहूनच गेलं.

पहिल्या व्हिजिटला नर्सने विचारलं होतं, बाळंतपणं किती? एक. मुलं किती? एक. डॉक्टरांच्या तपासणीतही एक बाळंतपण झाल्याचं दिसलं होतं. दोन्ही उत्तरं खरी होती. फक्त ती एकमेकांची नव्हती.

मी फाइल घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढला.

"हिला स्वतःचं हयात मूल नाही."

"मॅडम, बारा वर्षं वाढवलंय तिने. दूध पाजलंय."

"मला सांगतेस? ही अट का आहे ते तूच लोकांना समजावतेस. प्रसूतीत काही बिघडलं, हिचं गर्भाशय काढावं लागलं, तर ही कायमची बिनमुलाची राहू नये म्हणून."

"दत्तकपत्र केलं तर? मुलाचा बाप आहे. तिचे थोरले दीरच ते, देतील लिहून."

"तसं दत्तक इथे धरतात की नाही, ते मला सांगता येणार नाही. परवानगी देणारं बोर्ड विचारेल. चौकशी होईल. बारा वर्षांच्या मुलाला विचारल्याशिवाय राहतील?"

मी परत आले. निर्मलाताई चहा घेऊन आत आल्या होत्या, दाखला टेबलावर पाहून उभ्याच राहिल्या. मी दोघींना सगळं सांगितलं. दत्तकाचंही सांगितलं.

"म्हंजे ओमला कळंल," वैशाली म्हणाली.

"त्याला माहीत नाही?"

"न्हाय. सुगंधाचा फोटो हाय घरात. त्याला मोठी काकी म्हणून माहीत हाय." मग तिने थेट माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर मॅडम म्हणाल्या ना, बिनमुलाची राहीन म्हणून. मग आत्ता मी कोण हाय?"

रागाने पत्रक लिहिता येतं. समोर बसलेल्या बाईला पत्रक देता येत नाही.

"वैशू, करूया ना दत्तकपत्र," निर्मलाताई हळू आवाजात म्हणाल्या. "मोठा झालाय तो. समजून घेईल. कधीतरी कळणारच आहे."

"कधीतरी कळू दे. माझ्या तोंडून कळू दे. साहेब लोकांच्या टेबलावर न्हाय."

"आणि माझं?"

वैशालीने बहिणीच्या हातातला चहाचा कप घेऊन खाली ठेवला, कारण तो सांडत होता. पस्तीस पूर्ण व्हायला तिला चार महिने होते. तिघींनाही ते माहीत होतं. नात्यात दुसरी कुणी वयात बसणारी नव्हती, तेही.

निर्मलाताई माझ्याकडे वळल्या. "दाखला बघितला नसता तर काय बिघडलं असतं हो?"

"पुढे कधी उघड झालं असतं तर कोर्टात अडकलं असतं. बाळ पोटात असताना."

"पोटात तरी असतं," त्या म्हणाल्या.

वैशालीने दाखला पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, कडा नीट दुमडून. "चल ताई. मुरुडची एसटी चुकंल माझी."

मी फाइलवर 'अपात्र' लिहिलं. कारणाच्या जागी 'स्वतःचे हयात अपत्य नाही' असं लिहावं लागतं. तिच्या मुलीसाठी फाइलमध्ये कुठे जागा आहे का, ते मी शोधलं. बाळंतपणाच्या इतिहासात एक छोटी ओळ होती. तिथे 'मुलगी, तीन दिवस' असं लिहिलं. त्याने निर्णय बदलणार नव्हता.

कायदा मला अजूनही पटतो. कुणाची तरी अडचण बघून पोट मागणारे लोक मी याच टेबलावर पाहिलेत. पण आता जन्मदाखला मी पहिल्याच व्हिजिटला मागते, रक्त काढायच्या आधी. बायका चिडतात, अविश्वास दाखवता म्हणतात. चिडू देत. नकार द्यायचाच असेल तर तो पहिल्या दिवशी द्यावा. तिसऱ्या व्हिजिटपर्यंत बाईने मनात पाळणा बांधलेला असतो.