डुक्करगाडीचे सुटे भाग

आमच्या वर्कशॉपमध्ये एक फळी आहे. गिऱ्हाईक तुटलेला पार्ट नमुना म्हणून आणतं, नवा घेऊन जातं आणि जुना तिथेच सोडून जातं. परत कोणी मागत नाही, फेकवत आम्हालाही नाही. किस्सेही असेच साचलेत. सासूबाई म्हणतात, ही फळी एक दिवस पडणार. मला ती रोजच पडताना दिसते, आणि तिच्याखाली नेमकी माझी मुलगी असते. पण तो माझा स्वभाव.

वर्कशॉप मूल गावात. एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. पोटापाण्याचं काम राइस मिलच्या शाफ्टचं, पण मामाजींचा जीव डुक्करगाडीत. लांब नाकाची, पुढे एकच चाक असलेली ती जुनी तीनचाकी. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं. जंगलातल्या वाटांवर मात्र अजून धावते. मोहफुलं, धानाची पोती, बाजाराची माणसं, सगळं तिच्यातच. पार्ट कुठे मिळत नाहीत, म्हणून आम्ही बनवतो.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे मोजमाप आणि ड्रॉइंग माझ्याकडे. हळूहळू बनवायलाही लागले. माझं टेबल जाळीच्या दाराआड, आणि टेबलाखाली दीड वर्षाची मुलगी. नवरा शिक्षक आहे. त्याला लोखंडातलं काही कळत नाही, म्हणून तो घरात सगळ्यात निवांत असतो.

*

माझा पहिला पार्ट म्हणजे एक बुश, दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी. नागभीडच्या एका माणसानं नमुना आणून दिला. मी तो चार बाजूंनी मोजला. पुन्हा मोजला. रात्री झोपेत आठवला म्हणून सकाळी तिसऱ्यांदा मोजला. भोक एका बाजूनं किंचित लांबट होतं. लेथवर तसं होईना, म्हणून कानस घेऊन दोन तास घासत बसले. शेवटी हुबेहूब जमलं.

मामाजींनी नवा बुश हातात घेतला, जुना घेतला, दोन्ही उजेडात धरले.

"जुना झिजला होता ना?"

"हो."

"मंग तू बी झिजलेलाच बनवला."

ते बराच वेळ भोकातून बाहेर बघत राहिले.

"जे गाडीनं वीस सालात केलं, ते तुनं दोन घंट्यात केलं. मेहनत तं दिसते."

तो बुशही फळीवर आहे.

*

एकदा मारोतीभाऊंचा फोन आला. मारोतीभाऊ जिवतीकडच्या डोंगरावर राहतात, त्यांच्या पाड्यात गाडी एकच, तीही डुक्कर. मी एकदा त्यांना विचारलं होतं, त्या वाटेवर चारचाकी का नाही घेत? ते म्हणाले, "चार चाकाले रस्ता लागते बाई. तीनाले दिशा पुरते."

तर त्यांना गिअरच्या दांडीचा एक तुकडा हवा होता. म्हटलं, फोटो पाठवा. फोटो आला. मापाचा अंदाज यावा म्हणून त्यांनी शेजारी स्वतःचा अंगठा ठेवला होता.

मी फोन केला. "भाऊ, तुमचा अंगठा केवढा आहे?"

"मोठा हाय."

"म्हणजे किती? मोजता आला असता तर बरं झालं असतं."

तिसऱ्या दिवशी भाऊ दोन एसटी बदलून दारात हजर. शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. मी पाणी दिलं आणि म्हटलं, दाखवा पार्ट.

"पार्ट तं गाडीतच हाय."

"मग?"

त्यांनी अंगठा पुढे केला. "हा मोजाचा हाय म्हनल्या ना तुमी?"

मी कॅलिपर घेऊन मोजला. चोवीस मिलिमीटर. नंतर तुकडा अगदी बरोबर बसला, हे सांगायला हवं.

*

एका दुपारी मी बारा वॉशर टेबलावर मोजून ठेवले. दाराशी कोणी आलं म्हणून वळले. परत बघते तर अकरा. आणि मुलगी खाली बसून काहीतरी चघळत होती.

तिच्या तोंडात बोट घातलं, भाकरीचा तुकडा निघाला. त्यानं माझं समाधान कसं होणार? डॉक्टरांकडे एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. मी म्हटलं, वॉशर पातळ आहे, आडवा असेल. डॉक्टर म्हणाले, "ताई, लोखंड आडवं असलं तरी लोखंडच दिसतं." तरी दोन दिवस मी तिचा प्रत्येक लंगोट तपासत होते. सासूबाईंनी चाळणी दिली.

तिसऱ्या दिवशी जेवताना मामाजी सासूबाईंना म्हणाले, "सून काय हुडकून राह्यली दोन दिवस?"

"वॉशर."

"तो तं मीच लावला. मिलवाल्याच्या पंपाले."

"सांगितलं काऊन नाई?"

"मले कोनी विचारलं?"

*

आता मामाजींच्या नियमाबद्दल. पार्ट ज्यानं बनवला, तो गाडीच्या पहिल्या फेरीत बसणार. बसल्याशिवाय पार्ट पास नाही. कोणाला सूट नाही. मी हॉर्नची पत्ती बनवली तेव्हासुद्धा त्यांनी मला बाजारापर्यंत बसवलं. मी म्हटलं, हॉर्न पडला तर कोण मरणार आहे? म्हणाले, "सवय."

सवय कशाची, ते यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. मारोतीभाऊंच्या मागच्या चाकांच्या ब्रेकचे कॅम गेले. कॅम म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाच्या आतले दोन्ही शू, म्हणजे चाकाला घासून थांबवणारे पट्टे, फाकवणारा बोटभर तुकडा. मामाजींचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये. म्हणजे बनवणार मी. आणि भाऊंच्या पाड्यावरून खाली यायला घाट आहे.

मी कॅमची जोडी बनवली. मग वाटलं कमी पडेल, दुसरी जोडी बनवली. मग सुरक्षिततेसाठी अर्धा मिलिमीटर वाढवून तिसरी. खरं सांगायचं तर मी दिवस ढकलत होते. मुलगी अजून अंगावर पिते, तिला दिवसभर ठेवून जाता येत नाही. म्हणजे त्या घाटावर माझ्या ब्रेकवर आम्ही दोघी.

"तुम्हीच जा ना मामाजी, माझ्या वतीनं."

"पार्ट कोनं बनवला?"

"मी."

"मंग?"

तिकडे भाऊंची गाडी महिनाभर उभी. मोहाचे दिवस, आणि पाड्यातल्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन घाट उतरत होत्या. भाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं, तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला भांडता आलं असतं.

मी तिसरी जोडी पिशवीत टाकली आणि मुलीला घेऊन निघाले.

*

भाऊंनी सकाळी कॅम बसवले. सपाटीवर ब्रेक दोनदा दाबून पाहिला, ठीक होता. मी म्हटलं, पहिली फेरी रिकामी करू. ते म्हणाले, "रिकामीच हाय."

तेवढ्यात टोपल्या घेऊन बाया आल्या. चढल्या नाहीत, उभ्या राहिल्या. सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "तुनंच बनवला का तो?"

"हो."

"पोरगी बी बसून राह्यली?"

"हो."

ती वळून म्हणाली, "चला मंग." आणि नऊ जणी टोपल्यांसकट आत.

त्यांना सांगावंसं वाटलं की पोरीला मी विश्वासानं नाही, नाइलाजानं आणलंय. पण मी सरकून जागा करून दिली.

घाट लागला. पहिल्या वळणावर भाऊंनी वेग कमी ठेवला. दुसऱ्या वळणावर उतार वाढला, गाडी ओढू लागली. मी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. भाऊंनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. जागच्या जागी, एका दणक्यात. टोपल्यांतली मोहफुलं सगळ्यांच्या मांडीवर. मी श्वास सोडला.

भाऊंनी पाय उचलला, गिअर टाकला. गाडी हलेना. पुन्हा टाकला.

"बाई," ते मागे न वळता म्हणाले, "लागला तं चांगला. आता सुटून नाई राह्यला."

तो माझा जास्तीचा अर्धा मिलिमीटर, शू फाकले ते मिटेनात. सगळ्या खाली उतरल्या. भाऊंनी चाकावर हातोडी मारून पाहिली, मग मामाजींना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"थांबली का?" मामाजींनी विचारलं.

"थांबली. पन आता हालून नाई राह्यली."

"सून कुठी हाय?"

"खाली. उतरली."

"फेरी पुरी झाली का?"

"नाई."

"मंग उतरली काऊन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीला घेऊन परत गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळानं म्हातारी टोपली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली, मग बाकीच्या एकेक करून. अर्ध्या घाटात, उतारावर, न हलणाऱ्या गाडीत आम्ही सगळ्या. खाली दरी. मुलगी मोहफूल हातात घेऊन झोपली.

म्हातारीनं वाकून दरी पाहिली, मग चाक पाहिलं, आणि भाऊंना हाक मारली.

"मारोती, पुढच्या चाकाले बी हाच लावजो."