पिंपावरची शेवटची चिठ्ठी

पाणी पिण्याआधी हुंगायचं, लग्नाच्या जेवणातसुद्धा. रिकामी बाटली दिसली की तळाला खिळ्याने भोक पाडायचं. चहात तीन चमचे साखर घालायची आणि ढवळायची नाही. लिहिताना पेनाचं टोपण दातांत धरायचं.

उस्ता, म्हणजे उस्ताद, शिहाता असे होते. सुवेझच्या बस आगारात दुरुस्ती-शेडचं भांडार ते सांभाळत. मी तिथला कारकून. साहित्य शिकलेला, अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला धरलं.

शेडमध्ये सगळंच पाण्याच्या जुन्या बाटल्यांत असायचं. थिनर, जळकं ऑइल, बॅटरीतलं आम्ल. फरशी पुसायचं क्लोरीनही सफाईवाली उम्म हानी गाडीवाल्याकडून सुटं, पाण्याच्याच बाटलीत आणायची. अकरा वर्षांपूर्वी रमजानमध्ये अजान झाली आणि शिहातांच्या धाकट्या भावाने उपास सोडायला जवळची बाटली तोंडाला लावली. तिच्यात आम्ल होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

मार्चमध्ये पर्यावरण खात्याची नोटीस आली. उघडी पिंपं, नाव नसलेल्या बाटल्या, घातक कचरा एकत्र. तीस दिवसांत सुधारा, नाहीतर शेडला टाळं. शिहाता खूश झाले. इतकी वर्षं आपण एकटेच बोंबलत होतो, आता सरकार बोंबलतंय, म्हणाले.

मी चिठ्ठ्या लिहायचो, ते चिकटवायचे. आत काय, कधीपासून, जबाबदार कोण. एकोणतिसाव्या दिवशी चाळीसेक बाटल्या उरल्या. त्यांत काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या त्यांनी धुण्याच्या खोलीत वेगळ्या ठेवल्या.

मुकादम वग्दी हसला. "उस्ता, बाटल्यांची बारशी कधी संपणार?"

"तू फक्त हात लावू नकोस," ते म्हणाले.

तिसाव्या दिवशी सकाळी आम्ही चिठ्ठ्यांचा कागद आणायला बाजारात गेलो. तेवढ्यात वग्दीला फोन आला की तपासणीवाले दुपारीच येताहेत. त्याने सगळ्या बाटल्या एका पिंपात ओतल्या. क्लोरीनची बाटलीही त्यांत होती. खोली नीटनेटकी दिसू लागली. उम्म हानी आत फरशी पुसत होती.

फाटकापाशीच क्लोरीनच्या वायूचा घशाला झोंबणारा वास आला. शिहाता थांबले. हातातला कागद त्यांनी माझ्याकडे दिला.

"पोरा, तू इथून हलायचं नाहीस."

गळ्यातला रुमाल ओला करून ते आत गेले. उम्म हानीला बाहेर आणलं. मग खिडक्या उघडायला पुन्हा गेले. बाहेर आले तेव्हा खोकत होते, पण चालत होते. दवाखान्यात चला म्हटलं, तर चहा मागव म्हणाले. शेडमधल्या दोघा कामगारांनी तोंडाला ओली फडकी बांधून पिंप अंगणात ढकलत आणलं. शिहाता थोडं लांब बसले, टोपण दातांत धरलं आणि गुडघ्यावर एक चिठ्ठी लिहायला घेतली.

"वग्दी, काय काय ओतलंस?"

वग्दीला माहीत नव्हतं.

चहा आला. त्यांनी तो हुंगला आणि खाली ठेवला. दुपारच्या अजानपर्यंत त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजू लागली. मग आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. फुप्फुसांत पाणी भरलं, असं डॉक्टर म्हणाले.

पिंप अजून अंगणात आहे. न्यायला कुणी तयार नाही, आत काय ते आधी लिहून द्या म्हणतात. त्यांची चिठ्ठी मीच चिकटवली. त्यांच्याच अक्षरात तारीख आहे. जबाबदार: शिहाता. वरची, 'आत काय'ची ओळ कोरी आहे.