शेवटचा आकडा

टापटीपबाई हे नाव तिला आईनेच ठेवलं. पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. दुसऱ्याच्या घरी गेली तरी दारातल्या चपला जोडीने लावून मगच आत पाऊल टाकते. दिवसभर विमा कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायचे, घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरच. हे दुसरं काम मात्र बिनपगारी. घड्याळातली वेळ शब्दांत लिहून दाखवणारी एक लायब्ररी, म्हणजे कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापरावा असा तयार कोड, ती सांभाळत होती.

लायब्ररी मुळात काकांची. जुन्या शेजारातले. डोळे साथ देईनात तेव्हा त्यांनी ती हिच्या हवाली केली आणि एकच गोष्ट बजावली, "आवृत्तीच्या क्रमांकातला नुसता शेवटचा आकडा वाढवलास, तर आत फक्त डागडुजी. कोणाचं काही मोडता कामा नये. तेवढ्या भरवशावर लोकांचे कॉम्प्युटर नवी आवृत्ती न विचारता आपोआप घेतात."

यावेळीही डागडुजीच होती. दोन बारीक चुका सुधारून झाल्या आणि कोडच्या कोपऱ्यातला एक गुंतवळा तिच्या नजरेला पडला. वेळेच्या आधी 'सकाळचे', 'संध्याकाळचे' असं लावणारी जुनी सोय. वर्षानुवर्षं कोणी तिच्याबद्दल विचारलंही नव्हतं. कोण वापरतंय, म्हणत तिने तो तुकडा काढला, शेवटचा आकडा एकने वाढवला आणि नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. सोबत टीप: किरकोळ साफसफाई.

रविवारी काकांचा फोन आला.

"त्रास देतोय गं. काकूच्या उशाशी ती स्क्रीन लावलीय ना, तिचं मी काहीतरी बिघडवलं वाटतं."

काकूंना हल्ली दिवसाचं भान राहत नसे. त्याच लायब्ररीवर चालणाऱ्या त्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'संध्याकाळचे सहा' दिसलं की त्या निवांत असत. परवा संध्याकाळी नुसतंच 'सहा' दिसलं. सकाळ झाली समजून, काका आंघोळीला गेलेले असताना, त्या पर्स घेऊन शाळेत शिकवायला निघाल्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी! कोपऱ्यावर पाय घसरला आणि मनगट मोडलं.

"प्लास्टर घातलंय. मला म्हणते, पोरं खोळंबली असतील." काका हसायला गेले, पण जमलं नाही. "मीच भलतं बटण दाबलं असणार. ती स्क्रीन काढूनच टाकावी म्हणतो. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

तिला तो काढलेला तुकडा आठवला. "बघते काका," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

"काय गं, चेहरा का उतरला?" भाजी निवडता निवडता आईने विचारलं. हिने सगळं सांगितलं.

"मग सांग की त्यांना."

"लगेच दुरुस्त करते ना. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही काय? आपल्या हातून बायको पडली, असं समजून बसलेत ते! ते कोण दुरुस्त करणार, तुझा कॉम्प्युटर?"

ती उठली. तो गुंतवळा होता तसा, एक गाठही न सोडवता, तिने परत जागेवर ठेवला. शेवटचा आकडा पुन्हा वाढवला. यावेळी टिपेत लिहिलं: 'मागच्या आवृत्तीत मी चालू सोय काढून टाकली. ती डागडुजी नव्हती. चूक माझी.' मग धीर सुटायच्या आत फोन लावला.

"काका, तुम्ही काही दाबलं नव्हतं. ते मी काढलं होतं. मला वाटलं, पसारा आहे."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"आपली टापटीपबाई," काका म्हणाले. मग फोनमध्ये, सावकाश, "म्हणजे मी नव्हतो."

"नाही काका. मी."

"बरं झालं सांगितलंस."

"संध्याकाळी येऊ का? काकूंना बघायला?"

"ये की. फक्त इथलं काही आवरू नकोस हं. वस्तू जिथल्या तिथे असल्या, तरच तिला सापडतात."