उरलेल्या चार गोळ्या

बाळांनो, या वेळच्या पार्सलमध्ये मेतकूट, गोडा मसाला आणि चकल्या आहेत. तुमच्या यादीतल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र नाहीत. "इथे डॉक्टर लवकर भेटत नाहीत, आजी" हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि गेल्या वर्षापर्यंत मीच त्या पाठवत आले. आता का नाही, हे सांगायला हवं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझ्या औषधांच्या डब्याचं मोठं कौतुक होतं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत लिफाफे, प्रत्येकावर सुवाच्य इंग्रजीत लिहिलेलं: घसा, दात, पोट, लघवी. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. उरलेल्या मी कापून, एक्सपायरीची तारीख घालून लिफाफ्यात ठेवायचे. काही वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. शेजारणी यायच्या, "काकू, घशाचं काही आहे का हो?" मी दोन गोळ्या द्यायचे. स्ट्रिपवरचं बारीक इंग्रजी वाचणारी मी, मला कोण काय विचारणार?

गेल्या वर्षी आजोबांना लघवीला जळजळ होऊन ताप आला. आधीच्या खेपेच्या चार गोळ्या लिफाफ्यात होत्या. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिल्या. ताप उतरला.

"डॉक्टरच झालीस की गं!" आजोबा म्हणाले. मी खूश.

आठवड्याभरात त्यांना हुडहुडी भरून पुन्हा ताप चढला. लिफाफा संपला होता, म्हणून रिकामी स्ट्रिप घेऊन मी खालच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरची फार्मसिस्ट मालवणकडची, पन्नाशीची, बोलायला फटकळ.

"चिठ्ठी?"

"अगं, मला ओळखत नाहीस का? यांचा ताप पुन्हा चढलाय."

"ओळखीवर पावडर-साबण देते, काकू. हे नाही."

"इतकी वर्षं मीच घरात सगळ्यांना औषधं देतेय."

"मग काका बरे का नाही झाले?"

मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. माझे कान तापले. तिने मात्र गिऱ्हाइकं थांबवून समोरच्या डॉक्टरांना फोन लावला. आजोबांचं वय, डायबेटिस, चार गोळ्या घेऊन बंद केलेलं औषध, सगळं मला विचारून त्यांना सांगितलं. मग मला म्हणाली, "आत्ताच घेऊन जा त्यांना. चहा टाकत बसू नका."

मी रागातच गेले.

डॉक्टरांनी तपासून थेट हॉस्पिटलात पाठवलं. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं, रक्तात पसरायची भीती होती. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. त्या जंतूंवर कुठलं औषध चालतं आणि कुठलं नाही, याची ती यादी. माझ्या गोळीपुढे लिहिलं होतं, रेझिस्टंट, म्हणजे चालत नाही. त्याखाली तेच. पुन्हा त्याखालीही तेच. जन्मभर इंग्रजी वाचलं, पण एका शब्दाची इतकी धास्ती कधी घेतली नव्हती.

"माझ्या चार गोळ्यांमुळे झालं का हे?" मी डॉक्टरांना विचारलं.

"फक्त त्यांच्यामुळे, असं कुणी सांगू शकणार नाही. पण वर्षानुवर्षं अंदाजाने गोळ्या घेत गेलं की जंतू निर्ढावतात. शिवाय ताप दबला आणि तुमचा आठवडा फुकट गेला. एक इंजेक्शन अजून चालतंय, तेच देतोय."

त्या 'अजून'वर मी पुढचे दिवस काढले. ताप हळूहळू उतरला. आजोबांनी पेज मागितली तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडले. त्या डॉक्टरांचे, तिथल्या सिस्टरांचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी काउंटरवर मला हवी ती स्ट्रिप मिळाली असती, तर मी आणखी दोन-तीन दिवस घरीच गोळ्या देत बसले असते. मग काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

घरी आल्यावर आधी शेजारणींकडे गेले. मी दिलेलं काही उरलं असेल तर घेऊ नका, असं प्रत्येकीला सांगितलं. जड गेलं, पण सांगितलं.

पंधरा दिवसांनी आजोबा स्वतःच्या पायांनी खाली उतरले. आम्ही दोघं मेडिकलमध्ये गेलो. ती कुणाची तरी चिठ्ठी वाचत होती.

"तू त्या दिवशी नाही म्हणालीस, म्हणून हे आज इथे उभे आहेत," मी म्हटलं.

"ते डॉक्टरांना सांगा, काकू."

"त्यांना सांगितलं. आता तुला सांगतेय."

तिने मान वर केली. मग आजोबांकडे बघून म्हणाली, "काका, किती उतरलात हो! काकू जेवायला घालत नाहीत वाटतं?"

"घालते ना," आजोबा म्हणाले, "पण आता वरणभातसुद्धा डॉक्टरांना विचारून!"