पहिल्याच दिवशी पूर्ण दिवा

मालेगावात उकंडरावांच्या बियाण्याच्या दुकानात सल्ला न मागताही मिळतो. कपाशीवर काय फवारावं, जावयाशी कसं वागावं, सगळं एका दमात. प्रयागबाईंनी तो ऐकत ऐकतच संसार केला आणि कान शाबूत ठेवले, हेच नवल.

त्यांच्या मुलासाठी, हरीओमसाठी, केनवडची निकिता पसंत पडली होती. तिचे आईवडील घर पाहायला येणार म्हटल्यावर उकंडरावांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बसवली आणि नागपूरहून जिवंत प्रवाळ मागवलं. जिल्ह्यात कुणाकडे नाही ते दाखवल्याशिवाय यांची छाती फुगणार कशी? प्रयागबाईंना फक्त सोयरीक जुळायला हवी होती. पोरगी त्यांना मनापासून आवडली होती.

प्रवाळ विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर नीट सांगितलं होतं. फांद्याफांद्यांचं प्रवाळ प्रखर दिवा सोसतं, ते वर ठेवा. छत्रीसारखं मऊ असतं ते खाली, आडोशाला. आणि कोणतंही असो, नवीन आहे तोवर उजेड हळूहळू वाढवा.

उकंडरावांनी फोन ठेवला, सगळंच्या सगळं वर मांडलं आणि टाकीवरचा दिवा पूर्ण प्रखर केला.

"सावलीतलं सोयाबीन नुसतं माजते, शेंगा धरत नाई," ते म्हणाले. "अन् तो मले शिकवून राह्यला!"

"आवो, हे सोयाबीन हाय का? हळूहळू वाढवा म्हने ना तो."

"तुले काय समजते त्यातलं?"

हे वाक्य प्रयागबाईंना लग्न झाल्यापासून पाठ होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पाहुणे येईपर्यंत मऊ छत्र्या आकसून विरघळल्या होत्या. दिवा सोसणाऱ्या फांद्याही पांढऱ्याफटक पडल्या, पाण्यात हाडं मांडून ठेवावीत तशा. उकंडराव मात्र काचेवर बोट ठेवून सांगत होते, "पांढरा रंग लय दुर्मिळ असते बरं." थापा मारताना या माणसाची जीभ कधी अडखळली नाही.

निकिताची आई चंदाबाई टाकीपुढे वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी प्रयागबाईंना हळूच विचारलं, "आनलं तवा कोन्त्या रंगाचं होतं?"

खोटं प्रयागबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. "हिरवं, जांभळं," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशीच पुरा दिवा लावला यायनं. मी सांगतलं होतं."

"मंग?"

"माह्यं कोन आयकते?"

चंदाबाईंनी चहा संपवला, घरी बोलून कळवतो म्हणाल्या. त्या जीपमध्ये बसेपर्यंत उकंडराव त्यांना टाकीचं पाणी कसं बदलावं ते समजावत होते.

चंदाबाईंचा फोन आला तो प्रयागबाईंनाच. "बाई, राग नोका मानू. तुमचा हरीओम चांगला हाय. पन आमची पोरगीबी तुमच्या घरात नवीनच येईन ना."

"कोन होतं?" उकंडरावांनी बैठकीतून विचारलं. "टाकी आवडली का त्यायले?"

प्रयागबाईंना रडू कोसळलं. चंदाबाईंचा त्यांना रागच आला नाही. आपल्या आईनेही आपल्या लग्नाआधी या घरात असं वाकून पाहायला हवं होतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.