वीतभर सांदी

देऊळघाटात सईदभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. साठी उलटली होती. आयुष्यभर ठिणग्या पाहून डोळे सदा लाल, पाणी गळत असलेले. "आता बस करा," बायको अमीना रोज म्हणायची. ते रोज "हाव" म्हणायचे आणि सकाळी शटर वर करायचे.

एक दिवस शाळेच्या समताबाई तुटकं फाटक ऑटोत टाकून घेऊन आल्या.

"तेवढं जोडून द्या, सईदचाचा."

"जोडत नाही बाई, सांधतो. नटबोल्टनं जोडलेलं खोलता येते. सांधलेलं मंग कापाच लागते."

बाई मराठी शिकवायच्या. फाटक निवेपर्यंत त्या बोलत बसल्या. सांधणं, हाडांचे सांधे, सगळं 'संधि'वरून आलं म्हणाल्या. एकत्र ठेवणं, हा मूळ अर्थ. पूर्वी भांडण मिटवून तह केला, तर त्यालाही संधीच म्हणत. "आन् आपली सांदी हाये ना, तेही तिथूनच. दोन भिंती भेटतात ते सांध, आन् भेटता भेटता मधात फट राह्यली तर तेही सांध."

सईदभाईंना घरची सांदी आठवली. अब्बा गेल्यावर धाकट्या भावाशी, तौसिफशी, घराची वाटणी झाली होती. मधल्या भिंतीवरून वाद पेटला, तेव्हा दोघांनीही आपापली भिंत बांधली. मध्ये वीतभर सांदी उरली. तेव्हापासून बोलणं बंद. दर पावसाळ्यात पाणी सांदीत उतरायचं, दोन्हीकडच्या भिंती ओल धरायच्या, आणि दोघं भाऊ आपापल्या बाजूचे पोपडे खरडत बसायचे.

संध्याकाळी ते तौसिफच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सांदीवर पत्रा टाकतो म्हनतो. एक कड तुह्या भिंतीत घ्या लागन."

"आजच काऊन?"

"थकलो बे. दुसरं काही नाही."

"पत्रा कोनाचा?"

"माहा."

"मंग सिमेंट माहं."

रविवारी दोघं भिंतीवर चढले. सईदभाईंना चढवेना, तौसिफनं हात दिला. दुपारपर्यंत "पकड", "सोड", "इकडं घे", एवढंच बोलणं झालं. जुनी गोष्ट कुणी काढली नाही, माफीही कुणी मागितली नाही. सईदभाईंमध्येही तेवढी ताकद नव्हती. खाली उतरल्यावर तौसिफच्या बायकोनं, अंजुमनं, चहा दिला.

"भाई, डोळे दाखवले का कुठं?" तौसिफनं विचारलं.

"कोनासंगं जाऊ?"

"मी येतो."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी वेल्डिंग कायमचं बंद करायला सांगितलं. सईदभाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण हलकंच वाटलं. परतीच्या ऑटोत अर्ध्या वाटेत सईदभाईंची मान भावाच्या खांद्यावर कलली. तौसिफनं ऑटोवाल्याला गाडी हळू चालवायला सांगितली.